बुडितात सुटका नाही

मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. हे मी आजही सांगतो आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. पणदऱ्याहून एस.टी.नं बारामतीच्या कॉलेजात जायचो. इंग्रजी विषय मुद्दाम घेतला, कारण वर्गातला एक जण म्हणाला होता की तुमच्या लोकांना तो झेपत नाही. झेपला.

नोकरी मात्र अशी लागली, की घरी समजावून सांगताना घाम फुटला. इंदापूर तालुक्यात, सोलापूर रस्त्यापासून आत, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, फौजेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी माळरान विकत घेऊन गोल्फचं मैदान केलं होतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे इटीदांडूच की." मी म्हटलं, तसंच, पण इटी कुठं पडली तर काय करायचं याचं इंग्रजीत एक पुस्तक आहे आणि ते वाचायला मला ठेवलंय. आई म्हणाली, वाचायला पगार देत्यात म्हंजे माणसं चांगली असणार.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या यायच्या. खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायला आसपासची माणसं असायची आणि गवत खुरपायला बायका. ही सगळी माणसं धरणानं उठवलेल्या एका गावची. पाणी आलं तेव्हा गाव वर माळावर नवीन गावठाणात जाऊन बसलं होतं. खेळात चेंडू कुठं पडला, कुणी हात लावला, कुणी गवत दाबलं, यावरून भांडणं व्हायची, म्हणून साहेबांना वाटलं की नियम मराठीत आले पाहिजेत, मैदानावरच्या प्रत्येकाला कळले पाहिजेत. त्यासाठी पत्र्याच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि मी.

भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हे, हे मला तिथं कळलं. खड्डा, काठी, फटका, दंड इथपर्यंत ठीक. पण त्या पुस्तकात दोन गोष्टी वेगवेगळ्या मानल्या होत्या. निसर्गानं टाकलेली सुटी वस्तू, म्हणजे दगड, पान, काटकी, ती एक. माणसानं केलेली वस्तू, म्हणजे नळ, भिंत, बाटली, ती दुसरी. पहिलीला मी 'अडसर' म्हटलं, दुसरीला 'अडथळा'. बर्फसुद्धा आपोआप गोठलेला असेल तर निसर्गाचा, आणि कारखान्यात केलेला असेल तर अडथळा. बारामतीच्या बर्फाच्या कारखान्यातली लादी अडथळ्यात मोडते, हे मी पिशवीवाल्यांना सांगितलं तेव्हा ते दिवसभर हसत होते.

माणसाच्या अडथळ्यापाशी चेंडू अडला तर खेळणाऱ्याला मोकळीक मिळते. हलणारा अडथळा असेल तर उचलून बाजूला ठेवायचा. न हलणारा असेल तर चेंडू उचलून एका काठीच्या अंतरात टाकायचा, दंड नाही. या मोकळिकीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याला मी 'सुटका' म्हटलं. सवलत लिहिलं असतं तर एस.टी.च्या पासासारखं वाटलं असतं. सुटका हाच शब्द बरोबर होता आणि तो बरोबर आहे असं माझं आजही मत आहे.

राहिला पाण्याचा नियम. पाण्याच्या जागेला मी 'पाणधोका' असा शब्द केला होता, पण तो कुणी तोंडात धरला नाही. धरणानं उठवलेली ती माणसं त्या जागेला आधीपासून बुडीत म्हणत होती, तेच चिकटलं. बुडिताचे नियम कडक. तिथं निसर्गाच्या दगडाला हात लावायचा नाही. लावला तर दोन फटके दंड. माणसानं केलेली हलणारी वस्तू तेवढी उचलता येते. पण भिंतीसारखी न हलणारी वस्तू आडवी आली, तर सुटका नाही. आहे तिथून मारा, नाहीतर दंड घेऊन मागं या.

आणि बुडीत कुठून सुरू होतं हे पाणी ठरवत नव्हतं. पिवळ्या खुंट्या ठरवत होत्या. पुस्तकात स्पष्ट होतं की त्या जागेत पाणी असो वा नसो, ती जागा पाणीच. हे वाक्य मी मराठीत लिहिलं त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. खिडकीतून खाली पाहिलं तर पाणी पार लांब, भुईच्या टोकाला चकाकत होतं. अलीकडं भेगाळलेला चिखल आणि त्यात वर आलेलं जुनं गाव. भिंतींचे बुडखे, उंबरे, एका देवळाच्या पायऱ्या. खुंट्या मात्र आमच्या बाजूला, अगदी वर होत्या. नियमानं ते सगळं गाव अजून पाण्याखाली होतं.

सातव्या खड्ड्याची वाट या बुडिताच्या कडेनं जायची. चुकलेला फटका हमखास गावात जायचा. खुरपणाऱ्या बायका वरूनच सांगायच्या, कुणाच्या घरात गेला ते. एकदा साहेबांचाच चेंडू गेला. तिथं एक मावशी होत्या, आमच्या खुरपणीतल्या सगळ्यात थोरल्या, त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या, "साहेबांना सांगा, चुलीत पडलाय. जेवून जावा म्हनावं." पिशवीवाला उतरला तर खरंच, तीन दगडांच्या मध्ये, वाळलेल्या गाळात चेंडू रुतलेला. पुढं पुढं मलाही ती घरं पाठ झाली. न हलणारा अडथळा म्हणून मी ज्यांच्याकडं बघत होतो त्या भिंतींना बायका नावानं ओळखत होत्या.

एका जागी मात्र त्या काही बोलायच्या नाहीत. जुन्या पाणवठ्याजवळ शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं होते. साती आसरा. पाण्यातल्या बाया. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या भागात जिथं खोल पाणी तिथं या सात जणी असतात असं मानतात. पाण्याला गेलेली कोवळी पोर आवडली तर ठेवून घेतात म्हणे. पाणी ओसरलं की त्या गाळात लोक सगळीकडं पेरायचे, कलिंगडं लावायचे. पण त्या सात दगडांच्या भोवतालची भुई तशीच सोडलेली असायची, आणि तिकडं गुरंही जाताना मी पाहिली नाहीत.

सात म्हटले खरे. मी मोजले तेव्हा आठ होते. आठवा जरा अंतरावर, बाकीच्यांहून लहान, तोही शेंदरी.

माझा यावर विश्वास नव्हता. नाही हे ठामपणे लिहितो. आमच्या आज्यानं धर्म बदलला तेव्हा घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून निरेच्या पाण्यात सोडून दिले होते. देव माणसानं केला, माणसानंच आपल्या डोक्यावर बसवला आणि माणूसच तो उतरवू शकतो, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तरी एक गोष्ट मला खटकायची. ते दगड पावसाळ्यापासून माघापर्यंत पाण्याखाली असायचे. वर यायचे तेव्हा भिंतींवर शेवाळ, उंबऱ्यांवर शिंपले, आणि या दगडांवर शेंदूर ओला. तेलाचा तवंग दिसेल इतका ओला. मी स्वतःला सांगितलं, मासे धरणारे होडीतून येऊन लावत असतील. एकाला विचारलं. तो म्हणाला की त्या अंगाला आम्ही जाळं टाकत नाही, आणि विषय बदलून मला मासे घेणार का विचारू लागला.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी साहेबांचे एक पाहुणे पुण्याहून खेळायला आले. सातव्यावर त्यांचा चेंडू घसरत बुडितात गेला आणि आठव्या, लहान दगडाला टेकून थांबला. काठी फिरवायला जागा नव्हती. पाहुणे पिशवीवाल्याला म्हणाले, दगड उचल. तो जागचा हलला नाही. दुसऱ्याला सांगितलं, तोही हलला नाही. मग मला बोलावणं आलं. मी पुस्तक घेऊन खाली उतरलो. खुंट्यांच्या आत पाय टाकला आणि का कोण जाणे, श्वास धरला. आपण पाण्यात उतरताना धरतो तसा.

पाहुण्यांचं म्हणणं सरळ होतं. दगडाला रंग दिलाय म्हणजे तो माणसाची वस्तू झाला, हलणारा अडथळा, उचलता येतो. मी म्हटलं, दगड मुळात निसर्गाचा आहे, रंगानं त्याचा दगडपणा जात नाही. ते म्हणाले, इथं आणून कुणीतरी ठेवलाय. मी म्हटलं, उचलून आणला म्हणून तो माणसानं तयार केला असं होत नाही. त्यांनी मला किती शिकलास विचारलं, मी सांगितलं. साहेब गालात हसत होते.

"पण रंग दिला कुणी?" पाहुण्यांनी विचारलं. "ज्यानं दिला त्यालाच विचारू."

मी वर पाहिलं. खुरपणाऱ्या बायका कडेला उभ्या होत्या. मी त्या थोरल्या मावशींना विचारलं, हा दगड कुणी ठेवलाय ठाऊक आहे का.

"म्या ठेवलाय," त्या म्हणाल्या.

शेंदूरही तुम्हीच लावलात का, असं मी विचारलं. मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मग बाकीच्या बायकांनी पदर डोक्यावर ओढले आणि त्या एकेक करून मागं सरल्या. मावशी तेवढ्या उभ्या राहिल्या.

मी निकाल दिला. निसर्गाचा दगड, बुडितात, हात लावायचा नाही. पाहुण्यांना तो मान्य नव्हता, पण साहेबांनी मान डोलावल्यावर इलाज नव्हता. त्यांनी चिडून काठी मारली. काठी आधी दगडाला लागली. आवाज दगडाचा आला नाही. रिकाम्या घागरीला टिचकी मारल्यावर येतो तसा आला. चेंडू उडून पाण्याच्या दिशेनं सपाट चिखलावर पडला. आम्ही सगळ्यांनी तो पडताना पाहिला. पांढरा चेंडू, काळा चिखल, मध्ये गवताचं पातं नाही. चालत गेलो तर तिथं काही नव्हतं. भेगांत हात घालून पाहिलं. पिशवीवाले मात्र शोधत नव्हते. ते नुसते उभे होते.

भेग खोल असेल. मी आजही तसंच म्हणतो.

पुन्हा असा वाद नको म्हणून साहेबांनी पिवळ्या खुंट्यांपाशी मराठी पाटी लावायला सांगितली. लांबलचक नको, एका ओळीत, लांबून वाचता येईल अशी. इंदापूरच्या पेंटरकडून मी ती रंगवून आणली. पांढऱ्यावर काळी अक्षरं: बुडितात सुटका नाही.

पाटी लागली त्या दिवसापासून खुरपणाऱ्या बायका सातव्याच्या कडेला येईनात. मुकादमाला सांगायच्या, तिकडचं गवत वाढू दे. पिशवीवाल्यांचंही तेच. चेंडू खाली गेला की म्हणायचे, सोडून द्या, नवा घ्या. साहेब मला म्हणाले की तुझ्या पाटीचा फारच उपयोग झाला, आता कुणी खालीच जात नाही. मला ते कौतुक वाटलं. मैदान मात्र हळूहळू त्या अंगानं ओसाड दिसू लागलं. वाऱ्याची एखादी झुळूक आली तर वाढलेलं गवत पाण्याकडून आमच्याकडं झुकायचं आणि वारा पडला तरी तसंच झुकलेलं राहायचं.

मग एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या मावशी पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उन्हात बसवेना म्हणून आल्या असतील असं वाटून मी आत या म्हटलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. लिहिता-वाचता यायचं नाही त्यांना. पाटी दुसऱ्या बाईनं, चौथीपर्यंत शिकलेलीनं, त्यांना वाचून दाखवली होती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ते तुमीच लिवलंय न्हवं? कुणी सांगितलं तुमाला?"

मी म्हटलं, पुस्तकात आहे. खेळाचं आहे ते, चेंडूचं. चेंडू भिंतीपाशी अडला तर.

"चेंडूचं न्हाय इचारत मी."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, मध्ये मध्ये थांबून, दाराबाहेर बघत. त्यांची एक लेक होती. त्यांचं माहेर बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, सुप्याच्या बाजूला, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथल्या भावानं आपल्या पोरासाठी हिला मागितली होती. मामाचा पोरगा, रीतच होती. मावशींनी नाही म्हटलं. लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन त्या जेवढं चालल्या होत्या तेवढं लेकीनं चालू नये म्हणून. म्हणाल्या, पाण्याच्या गावी देईन. आणि पाणी तर दारात आलं होतं. त्याच पावसाळ्यात पाणी चढत असताना पोर काठावर भांडी घासायला बसली ती परत आली नाही. होड्या फिरल्या, गळ टाकले. काही सापडलं नाही. जाळायला काही नाही, पुरायला काही नाही. पाणी ओसरल्यावर मावशींनी आसरांच्या शेजारी, जरा लांब, एक दगड ठेवला. शेंदूर लावला नाही. आपली पोर ती, देव नव्हे.

"दोन सालं तसाच निगाला, उघडा," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्याला निगाला तवा श्येंदूर हुता. वल्ला. त्यांच्यासारकाच."

पंखा फिरत होता. बाहेर ऊन इतकं होतं की पिवळ्या खुंट्या जागच्या जागी हलल्यासारख्या दिसत होत्या.

मावशींचं म्हणणं एवढंच होतं की पोर आसरांनी आपल्यात घेतली, आता सोडणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. पण ते असं पाटीवर लिहून येईल असं वाटलं नव्हतं. आणि लिहून आलंच आहे तर पुस्तकात पुढं काही असेल. सरकारी कागदात असतंच, खाली बारीक अक्षरांत. गाव उठलं तेव्हाही तसंच होतं, वर एक आणि खाली बारीक अक्षरांत दुसरं. ते मी वाचून सांगावं.

मला हसू आलं नाही. पुस्तक समोर होतं. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की सुटका नाही ती न हलणाऱ्या वस्तूपासून. हलणारी असेल तर पाण्यातूनही उचलता येते, दंड नाही.

"मंग दगड हलतोय की."

"हलतो," मी म्हटलं. "पण माणसानं केलेली वस्तू असली पाहिजे. नुसता दगड असेल तर नाही."

"तुमी त्या दिशी म्हनला नुसता दगडच हाय. हात लावायचा न्हाय म्हनला. समद्यांच्या म्होरं."

म्हणजे माझा निकाल त्यांनी तेव्हापासून धरून ठेवला होता. पाहुण्यांच्या काठीसाठी दिलेला निकाल. त्या रोज लांबून त्या दगडाकडं बघत होत्या आणि मी नाही म्हटलं म्हणून जात नव्हत्या. मी म्हणू शकलो असतो की हा खेळ आहे, तुम्ही खेळत नाही, तुम्हाला नियम लागू नाही. तोंडावर आलंही होतं. पण त्यांना तसं नको होतं. नियम लागू नाही हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं असणार. त्यांना नियमातून सुटका पाहिजे होती.

मी विचार केला, आणि तो शिकलेल्या माणसासारखा केला. पाहुण्यांनी रंगाचा मुद्दा काढला होता, तो चुकीचा होता. जागेवरून उचलून आणण्याचा मुद्दाही चुकीचा होता. पण एक मुद्दा कुणी काढलाच नव्हता. नदीच्या गोट्याला कुणी लेक म्हणत नाही. तो ज्या दिवशी लेक झाला त्या दिवशी तो निसर्गाचा राहिला नाही, तो माणसाच्या हातचा झाला, कारखान्यातल्या बर्फासारखा. पाणी निसर्गाचं, पण लादी माणसाची. आमच्या आज्याचं म्हणणं हेच होतं, की देव माणूस करतो. ज्यानं केला तो उचलूही शकतो.

"मावशी," मी म्हटलं, "तो दगड तुम्ही केलाय. माणसानं केलेली वस्तू आहे ती. माझा आधीचा निकाल मी फिरवला. उचला."

त्यांनी पुन्हा विचारलं, पुस्तकात बसतंय ना. मी म्हटलं बसतंय. एक अट तेवढी सांगितली, कारण ती खरोखर छापलेली होती. फार जोर न लावता, काही न मोडता, खेळ न खोळंबता हलली, तरच ती हलणारी वस्तू. पहार लावायची नाही.

आम्ही खाली गेलो. मी का गेलो ते सांगता येत नाही. अट पाळली जाते का बघायला, असं म्हणू. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. खुंट्या ओलांडल्यावर वरचे आवाज थांबले. रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर इतका वेळ कानात होती हे ती थांबल्यावर कळलं. ऊन तेच होतं, पण तळपायाखाली चिखल गार लागत होता, चपलेतूनसुद्धा. आपल्या डोक्यावर बरंच काही आहे असं मला वाटत होतं. वर पाहिलं तर आभाळ होतं.

मावशी दगडापुढं बसल्या. दोन्ही हात घालून त्यांनी उचलायला पाहिलं. दगड हलला नाही. आकारानं तो भाकरीच्या पिठाच्या डब्याएवढा, आणि मावशींनी आयुष्यभर ओझी उचललेली. पुन्हा पाहिलं. हलला नाही. मी पुढं होऊन हात लावणार होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी नगा लावू, मास्तर. न हलणारा ठरंल." अट त्यांना माझ्याहून नीट कळली होती. दोघांचा जोर लागला तर तो फार जोर झाला.

शेजारी सात दगड ओळीनं होते. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी बघत होतो. शेंदराचा ओघळ उतरत होता. उन्हानं तेल सुटत असणार.

मावशी मागं टेकल्या. घाम पुसला. मग त्या दगडाशी बोलल्या. गयावया नाही, रडणं नाही. दिवस कलला तरी खेळात दंग असलेल्या पोरीला आई जशी हाक घालते, थोडी वैतागून, तशी.

"चल गं बाय आता. लई येळ झाला. ह्येंच्यात काय ठिवलंय."

आणि हात घातले. दगड वर आला. नुसता आला, ढेकूळ उचलावं तसा. मी अट मनात तपासली. जोर लागला नव्हता, काही मोडलं नव्हतं. दगड होता तिथं एक वाटीएवढा खळगा राहिला आणि आमच्यादेखत तळातून पाणी भरत वर आलं. स्वच्छ, थंड पाणी. पाण्याची कड तिथून बरीच लांब होती. खळगा काठोकाठ भरला आणि तिथंच थांबला, कुणी खालून बघत असल्यासारखा.

मावशींनी मागं वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. खुंट्यांच्या वर आलो तेव्हा ट्रकांचे आवाज पुन्हा सुरू झाले.

त्यांनी मुकादमाला सांगून टाकलं की आज सुट्टी. जुन्या लुगड्याच्या फडक्यात दगड गुंडाळून रस्त्यावर उभ्या राहिल्या. मीही साहेबांना सांगून निघालो. बारामतीची गाडी आली. मावशी दोन जणांच्या बाकावर बसल्या. दगड खिडकीकडं ठेवला, स्वतः अलीकडं. मी मागच्या बाकावर बसलो. कंडक्टर आला. पोरगेलासा, गमत्या होता.

"मावशे, पाटा-वरवंटा खाली ठिवा. शीट माणसांसाठी हाय."

"मानूसच हाय," मावशी म्हणाल्या. "बारामतीची दोन द्या."

तो हसायला लागला, मग फडक्याकडं बघून थांबला. माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला दिसत होतो, माझ्याकडून त्याला काहीतरी हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानं दोन तिकिटं फाडून मावशींच्या हातात दिली आणि पुढं गेला. भिगवणला गाडी गच्च भरली. माणसं दांड्याला लोंबकळत होती. एक बाई कडेवर पोर घेऊन त्या बाकापाशी आली, खिडकीकडच्या जागेकडं पाहिलं, आणि "बसू द्या बसू द्या" असं कुणाला तरी म्हणावं तसं पुटपुटून उभीच राहिली.

बारामतीच्या स्टँडवर मी विचारलं, सुप्याच्या गाडीत बसवून देऊ का. मावशी म्हणाल्या की नको, रस्ता ठाऊक आहे. भाऊ काय म्हणेल, दगड घरात घेईल का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही ते ठरवलेलं दिसत नव्हतं. सुप्याची गाडी लागलेलीच होती. त्या पुन्हा तशाच बसल्या, दगड खिडकीकडं, स्वतः अलीकडं. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीखाली उभा होतो. मावशी फडकं नीट करत होत्या. इंजिनाच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं.

"भिऊ नगं. तितं पानी न्हाय."

गाडी वळून बाहेर गेली. मी पणदऱ्याच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.